वर बर्फ, खाली पातळ लोणी

मेच्या तिसऱ्या आठवड्यात
मानेवाड्याच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर
सकाळी तापवलेलं दूध दुपारी फाटायचं,
तेही फ्रीजमध्ये ठेवून.
वर मात्र बर्फ. इतका, की मटारची पिशवी
भाडं थकवलेल्या भाडेकरूसारखी
भिंतीला चिकटून बसलेली.

आधी मी माझी अक्कल वापरली.
बटण सातवर नेलं. फ्रीज भिंतीपासून वीतभर ओढला.
दाराचं रबर सोड्यानं पुसलं,
दहाची नोट दारात अडकवून ओढून पाहिली.
नोट घट्ट. म्हणजे दार निर्दोष.
मग उलथनं घेऊन बर्फ खरवडायला बसले,
तर वत्सलात्या पलंगावरून म्हणाली,
"कान कोरून राहिली का त्याचे?"
तिच्या इन्सुलिनच्या दोन कुप्या तोवर
स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यात,
माठाच्या पोटाला टेकल्या होत्या.
बाहेर सेहेचाळीस.

शालिक नंदनवार चौथ्या फोनवर आला.
तोंडाला दुपट्टा, खिशात कांदा.
दोन गडवे पाणी प्यायला,
उलथनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.
"ताई, नळीले भोक पडलं असतं ना,
तर ग्यास गेला असता,
अन् मी बी गेलो असतो, वापस."

फ्रीजच्या पाठीला त्यानं कान लावला.
"थंडी बनून राहिली जी. जाळी बुजली.
खाली हवा येईन कुठून?"

मला ठाऊकच नव्हतं, आत एक घड्याळ असतं.
काटे नाहीत, आकडे नाहीत.
काही तास गोठव म्हणतं,
मग वीसेक मिनिटं वितळव,
आणि पुन्हा गोठव.
ते कधीतरी थांबलं होतं.
पाडव्याचं श्रीखंड आम्ही वाटीवाटीनं खाल्लं
तेव्हाही थांबलेलंच असेल, कोण पाहतं.

पेचकस लावून शालिकनं त्याची खुंटी फिरवली,
हळू, दुसऱ्याच्या तिजोरीला हात लावल्यासारखी.
टक्.
कॉम्प्रेसर बंद. घर एकदम मोठं झालं.
थोड्या वेळानं फ्रीजच्या पोटातून
तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं चर्र.
"हीटर जिता हाय," तो म्हणाला.
"टाइमर मेला. उद्या गांधीबागेतून आणतो.
तवर बंद. दारं उघडी. समदा रिकामा करा."

समदा.
आमरस तळमजल्यावरच्या बोरकरांना.
सावजी रस्सा कोणालाच नाही, त्याचं वय विचारू नका.
आइस्क्रीमच्या तीन डब्यांत खवलेला नारळ.
आणि तळाशी, बर्फात रुतलेली एक पुडी,
तिच्यावर मामांचं तिरपं अक्षर:
*दुधीचं बी. आषाढात लावणे.*
मामांना जाऊन तीन वर्षं झाली.
आत्यानं चष्मा लावून वाचलं, दोनदा.
"कोणत्या आषाढात, ते नाही लिहिलं बाप्पा,"
म्हणाली, आणि पुडी उशीखाली ठेवली.

रात्री उघड्या फ्रीजसमोर आम्ही खुर्च्या टाकल्या,
सिनेमा पाहावा तशा.
परातीत थेंब. मग ताटात थेंब. मग बादली.
आत्यानं दोन्ही पाय खालच्या कप्प्यापाशी नेले,
"पैसा वसूल," म्हणाली.
तीनच्या सुमाराला बर्फाची अख्खी लादी
आतल्या आत धप्पकन निसटली,
तर झोपेतून ओरडली, "कोण हाय?"

दुसऱ्या दिवशी शालिक आला, साडेसहाशे घेतले.
"पेलाभर पाणी ठेवा, सांजेले बोट बुडवून पाहा,"
एवढं सांगून जिना उतरला.
जुना टाइमर ओट्यावरच विसरला.
मी तो कानाला लावून पाहिला. काही नाही.

परवा रात्री सव्वादोनला जाग आली.
कॉम्प्रेसर थांबलेला. कूलर भणभणतोय.
मी उठून बसले, आता पुन्हा कोणाला फोन करायचा,
तेवढ्यात आतून, बारीक, चर्र.
अंधारातून आत्याचा आवाज,
"वितळून राहिला. झोप."